प्रश्नाची शिस्त : ‘गुलामगिरी’तील संवादरूप

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथातील धोंडीबा-जोतीराव संवाद ही केवळ निवेदनाची सोय नव्हे. पाठांतराच्या प्रश्नोत्तरीत उत्तर आधीच ठरलेले असते. येथे प्रमाण मानलेल्या उत्तरालाच प्रश्न विचारला जातो. ब्रह्म्याच्या अवयवांपासून चार वर्ण निर्माण झाले, तर इंग्रजांची उत्पत्ती कोठून? या प्रश्नात उपरोध आहे; परंतु त्याचे खरे बळ विधानाची व्याप्ती तपासण्यात आहे. तथापि, वामन-बळी आदी कथांचा इतिहास म्हणून अर्थ लावताना जोतीराव निरूपणकार होतात आणि धोंडीबा बव्हंशी श्रोता. तेथे प्रश्नकर्त्याची रिकामी जागा वाचकाने घ्यावयाची असते. फुल्यांच्या निष्कर्षांना त्यांचीच कसोटी लावणे, हाच त्यांच्या पद्धतीचा खरा स्वीकार होय.