लोखंडावरची नाममुद्रा

मध्ययुगीन मराठी कवितेच्या अभ्यासकाला, अभंगाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेवर कितपत विसंबावे, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळेच अभंग ज्ञानेश्वरकालीन नामदेवांचे नव्हेत, त्यांत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत, हे आपण वर्गात सांगतो. आणि गाथा हाती घेतली की पुन्हा मुद्रेकडे पाहूनच निश्चिंत होतो. हाच प्रश्न आम्हाला ग्रंथालयाबाहेर, तोही एका जुन्या मोटारीच्या उघड्या इंजिनापाशी, पुन्हा भेटला.

पुण्याजवळच्या एका शेडमध्ये फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीचे पुनरुज्जीवन चालले होते. गाडीचे मालक स्वतःच रॉकेल आणि पितळी ब्रश घेऊन इंजिनाचा ब्लॉक साफ करीत होते. तेलकट काजळीचे थर निघाले आणि खालून उठावाची अक्षरे वर आली : ‘मेड इन कॅनडा’. गृहस्थांचा चेहरा उतरला. गाडी अमेरिकन आहे असे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. आता हा ब्लॉक कुणीतरी मागाहून बसवलेला असावा, म्हणजे आपली गाडी ‘खरी’ नाही, अशी शंका त्यांना आली. बदली ब्लॉक अमेरिकेहून मागवण्याची भाषाही सुरू झाली.

वस्तुतः ती अक्षरे गाडीच्या विरुद्ध नव्हे, तिच्या बाजूने साक्ष देत होती. कॅनडातील फोर्ड कंपनी १९०४ साली, डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर वॉकरव्हिल येथे स्थापन झाली. ब्रिटन आणि आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठ तिच्या वाट्याला आली होती; साम्राज्यांतर्गत व्यापाराला मिळणाऱ्या जकातीच्या सवलती हे त्यामागचे एक मोठे कारण. हिंदुस्थानात येणारी, उजव्या बाजूला चक्र असलेली फोर्ड त्यामुळे कॅनडाची असणे हेच स्वाभाविक होते. १९२६ साली मुंबईत जी फोर्डची हिंदुस्थानी कंपनी निघाली तीही कॅनडाच्याच कंपनीची शाखा. कॅनडात बनलेल्या टीच्या इंजिन क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असते, आणि ते या ब्लॉकवर होते. अमेरिकन ब्लॉक बसवला असता तर गाडी अधिक खरी झाली नसती. मुंबई बंदरात उतरलेल्या गाडीचा सगळा प्रवास मात्र पुसला गेला असता. साम्राज्याची जकातनीती एखाद्या ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर इतकी स्पष्ट लिहिलेली आम्ही यापूर्वी पाहिली नव्हती.

अशा खुणा वाचताना एक भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. काही अक्षरे ओतीव असतात. ती साच्यातच असल्यामुळे भागाबरोबर जन्माला येतात आणि पृष्ठभागावर उठून दिसतात. काही अक्षरे व आकडे मागाहून पंचाने ठोकलेले असतात, ते खोलगट असतात. ओतीव अक्षर बनावट करायचे तर सगळा भागच नव्याने ओतावा लागतो. ठोकलेला आकडा कुणालाही हातोड्याने उमटवता येतो. पोथीची पुष्पिका लेखकाच्याच हातची आहे की नंतरच्या कुणी समासात भर घातली आहे, हे पाहण्यासारखेच हे आहे. मॉडेल टीच्या काळात इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक मानला जाई, आणि तो ठोकलेला असे. मात्र ब्लॉक ओतल्याची तारीख उठावाच्या आकड्यांत असे. दोहोंची संगती लागली तर ठीक. ब्लॉक १९२५ चा आणि क्रमांक १९१९ चा निघाला, तर लगेच लबाडीचा आरोप करू नये. फुटलेल्या ब्लॉकच्या जागी नवा बसवून जुना क्रमांक त्यावर प्रामाणिकपणे ठोकलेला असू शकतो. (तारीख वाचतानाही सावध राहावे. ३-१२-२५ म्हणजे अमेरिकन रीतीने १२ मार्च. आपल्या सवयीने ती ३ डिसेंबर वाचली की नऊ महिन्यांचा घोटाळा होतो.)

तारखांचा सर्वसाधारण नियम सोपा आहे : भागावरची तारीख गाडीच्या जुळणीच्या आधीची हवी. ती नंतरची असेल तर तो भाग बदललेला, एवढेच सिद्ध होते. आधीची असली म्हणून तो याच गाडीतला, हे सिद्ध होत नाही. नाममुद्रेची मर्यादा ती हीच.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ‘फोर्ड’ हे वळणदार अक्षरांतले नाव कंपनीचे आरंभीचे अभियंते चाइल्ड हॅरॉल्ड विल्स यांनी १९०३ च्या सुमारास सिद्ध केले, असे सांगतात. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक मॉडेल टी बनल्या आणि हे नाव त्यांच्या लहानसहान भागांवरही उमटले. या गाडीसाठी सुटे भाग बनवणाऱ्या परक्या कारखान्यांचा मोठा बाजार उभा राहिला होता, तेव्हा आपला भाग ओळखता यावा ही कंपनीची गरजच होती. पण आरंभीच्या टीचे घडीव भाग साफ करताना कधी कधी तेथे ‘डी’ आणि ‘बी’ अशी जोडअक्षरे सापडतात. ही डॉज बंधूंची खूण. फोर्डची कंपनी १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा ती मुख्यतः जुळणी करणारी कंपनी होती. इंजिन, गिअर आणि अ‍ॅक्सल यांचे ६५० संच, प्रत्येकी २५० डॉलर या दराने, जॉन आणि होरेस डॉज यांच्या कारखान्याने पुरवायचे ठरले होते. हा पुरवठा पुढे १९१४ पर्यंत या ना त्या स्वरूपात चालू राहिला. त्याच वर्षी बंधूंनी स्वतःच्या नावाची गाडी बाजारात आणली. ते फोर्डचे भागधारकही होते; लाभांशाच्या वादातून त्यांनी फोर्डला न्यायालयात खेचले आणि १९१९ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने लाभांश देण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी दोघेही भाऊ वारले.

हा इतिहास माहीत नसलेल्या कारागिराच्या हाती असा अ‍ॅक्सल पडला तर काय होईल? ‘हा डॉजचा, दुसऱ्या गाडीचा’ म्हणून तो भंगारात जाईल, आणि त्या जागी फोर्डचे नाव असलेला नंतरचा भाग मोठ्या समाधानाने बसवला जाईल. जो भाग खरोखर मूळचा, तोच शुद्धीकरणात बाद ठरेल. आमच्या मते ‘शुद्ध फोर्ड’ ही कल्पनाच त्या काळाला धरून नाही. एका नावाखाली अनेकांचे हात होते, आणि त्यांतल्या काहींनी आपली दोन अक्षरे आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे, ठेवली होती.

नाव तेच आणि मालक निराळा, असेही घडते. त्या काळच्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो वापरीत, म्हणजे चुंबकाच्या आधारे वीज निर्माण करणारे छोटे यंत्र. त्यात श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांचे नाव सर्वतोमुखी होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे त्यांचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, तो शत्रूची मालमत्ता म्हणून अमेरिकन सरकारने ताब्यात घेतला आणि वर्ष संपण्यापूर्वी विकून टाकला. त्याबरोबर नावही गेले. १९२१ मध्ये मूळचे बॉश पुन्हा अमेरिकेच्या बाजारात उतरले, तेव्हा तेथे त्यांच्याच नावाचा प्रतिस्पर्धी बसलेला होता. तडजोड व्हायला त्या दशकाची अखेर उजाडली. १९२४ च्या एखाद्या अमेरिकन गाडीतील मॅग्नेटोवर ‘बॉश’ वाचून थांबणे त्यामुळे पुरेसे नाही. गावाचे नाव आणि कंपनीचे पूर्ण नाव वाचावे लागते. वर्तुळातील आर्मेचरचे चिन्ह श्टुटगार्टचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९१८ मध्ये रेखाटले. १९१० च्या म्हणवल्या जाणाऱ्या भागावर ते दिसले, तर भाग तरी नंतरचा आहे किंवा सांगणारा तरी चुकतो आहे.

इतके सारे ज्या अक्षरांवर अवलंबून आहे ती अक्षरेच पुनरुज्जीवनात सर्वांत आधी नष्ट होतात. वाळूचा मारा, ग्राइंडर, पुट्टी आणि वर जाड रंग : चार दिवसांत ब्लॉक आरशासारखा होतो आणि मुका होतो. शिलालेखाचा ठसा घेतात तसा, घासण्याआधी, पातळ कागद व पेन्सिल घेऊन खुणेचा ठसा घ्यावा. विजेरी तिरपी धरून छायाचित्र काढावे. मगच हत्यार चालवावे. ठोकलेला आकडा कुणी मुद्दाम घासून काढला असला, तरी पंचाच्या आघाताने खालची धातू दबलेली राहते, आणि योग्य आम्ल लावले तर पुष्कळदा तो पुन्हा धूसर दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांसाठी ही रीत वापरतात.

जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फीवा’ हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंना जे तत्त्व लावले ते येथे वाहनांना लावले आहे : बदललेले भाग ओळखू येतील अशी कायमची खूण त्यांवर असावी. हे तत्त्व सर्वांना रुचत नाही. नव्याने बनवलेल्या भागावरही जुने नाव हुबेहूब असावे, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि तसे भाग विकतही मिळतात.

आमच्या त्या परिचितांनीही मडगार्डची एक ब्रॅकेट अशीच मागवली होती, फोर्डच्या वळणदार नावासकट. अमेरिकन ब्लॉकचा विचार त्यांनी सोडला होता. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ब्लॉकवरची ती अक्षरे काळ्या रंगाखाली स्वच्छ उठून दिसत होती, आणि ते पंचाची पेटी घेऊन ब्रॅकेट उलटी करून बसले होते. आतल्या बाजूला, नटाशेजारी, त्यांनी चालू वर्षाचे चार आकडे एकेक करून ठोकले. शेवटचा थोडा तिरपा गेला.