दोऱ्यावरचा आवाज

टोगा खांद्यावरून घसरतोय, आधी तो सावरा. लोकरीचं हे एवढं धूड भर उन्हाळ्यात अंगावर घ्यायचं म्हणजे घामाची आंघोळच. पण आज एका माजी कॉन्सलने जमवलेल्या मंडळींत बसायचंय, इलाज नाही. इसवी सन १६३ च्या आसपासचं रोम आहे हे. वर बघत चाला, चौथ्या मजल्यावरून कोण कधी काय ओतेल याचा नेम नाही. डावीकडून नाकाला झोंबतोय तो कपडे धुणाऱ्यांच्या दुकानाचा वास. तिथे रांजणांत मूत साठवतात आणि त्यात उभं राहून लोकर तुडवतात. पुढे आंबवलेल्या माशांचं कालवण, तळण आणि माणसांचा घाम यांचा मिळून एकच वास झालाय. कोपरं बाहेर काढा, नाहीतर या गर्दीत पाऊल पुढे पडायचं नाही.

पुस्तकवाल्यांच्या गल्लीत जरा थांबू. वैद्य मंडळी हमरीतुमरीवर आलीत. विचार कुठे राहतो? छातीत, दुसरीकडे कुठे! आवाज छातीतून येतो, मग त्यामागचा विचारही तिथलाच. ॲरिस्टॉटलचं वजन हृदयाच्या पारड्यात आहे, स्टोइक पंथाचंही. हसू नका. छातीवर हात ठेवून मोठ्याने काहीतरी बोला बघू. घुमलं ना आत? भीतीने धडधडतं तेही तिथेच. डोकं मात्र गप्प. अंगाची साक्ष अजून तरी या लोकांच्या बाजूने आहे.

चला, दालनात शिरा. त्या माजी कॉन्सलच्या, बोएथसच्या खर्चाने डुकरं आणि करडं आणलीत, त्यांच्या ओरडण्याने भिंती दणाणल्यात. तो तिशी नुकतीच ओलांडलेला, भरभर ग्रीक बोलणारा तरुण म्हणजे गॅलेन, पर्गाममचा. तिथे तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. उघड्या जखमा त्याने रोज हाताळल्यात, म्हणून त्याचा हात कापत नाही. केसाइतके बारीक मज्जातंतू दाखवतो, त्यांच्यावाचून आवाज फुटत नाही, असं तो म्हणतो. तेवढ्यात दमास्कसचा तत्त्वज्ञ अलेक्झांडर विचारतो, आधी हे सांग, डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही? झालं! गॅलेन भडकतो, चार शब्द सुनावतो आणि तडक निघून जातो. तुम्ही एवढे घामाघूम होऊन आलात ते फुकट.

थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा या. या खेपेला गर्दी दुप्पट आहे. मागच्याचा श्वास तुमच्या मानेवर येतोय, पुढच्याच्या केसांना तेलाचा वास आहे. डुक्कर फळीला पाठीवर करकचून बांधलंय. डुक्करच का? कारण त्याच्याइतकं कर्कश कोणी ओरडत नाही. आवाज बंद करून दाखवायचा, तर आधी तो खणखणीत हवा. आजच्यासारखी भूल अजून जगात नाही, आणि ती किंकाळी ऐकताना तुम्हाला बाहेर पळावंसं वाटेल. वाटू द्या. ही विद्या त्या जनावराच्या यातनेतून आली, हे लपवून ती सांगता येत नाही.

आता नजर त्याच्या बोटांवर. मानेची कातडी बाजूला, मग स्नायू, मग श्वासनलिका. तिच्या कडेला एक पांढुरका धागा, दिसेल न दिसेल असा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. गॅलेन दोन्हींखालून दोरा घालतो, पण आवळत नाही. डुक्कर ओरडतंय. आवळला! तोंड उघडंय, छाती वरखाली होतेय, श्वासाची फसफस ऐकू येतेय; किंकाळी मात्र गेली. दालनात कोणी खोकतसुद्धा नाही. दोरा सैल, आणि पुन्हा तीच कान फाडणारी किंकाळी. हृदयाला कुणी बोटही लावलेलं नाही.

त्या धाग्याची वाट तर आणखी नवलाची. तो मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूतून निघतो, पण कंठाशी थांबत नाही, सरळ खाली छातीत उतरतो. डावा महाधमनीच्या कमानीखालून आणि उजवा हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळसा घेतो, मग दोघे वर चढून स्वरयंत्रात शिरतात. शर्यतीत खांबाला वळसा घालून माघारी फिरणाऱ्या धावपटूची उपमा गॅलेनने त्याला दिली. तुमच्याही गळ्यात हीच वाट आहे. छातीतली महाधमनी फुगली की माणसाचा आवाज बसू शकतो, तो या वळशामुळेच. थायरॉईडची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आजही हा तंतू जिवापाड सांभाळतात.

बाहेर पडू. उजेड उतरलाय आणि दिवसा मनाई असलेल्या मालाच्या बैलगाड्या शहरात घुसायला लागल्यात. लोखंडी धावांचा दगडांवर खडखडाट, बैलांच्या शेणाचा वास, गाडीवानांच्या शिव्या. भिंतीला चिकटून चाला. गॅलेनचा एक रुग्ण, सीरियाचा पौसानियस, रोमला येताना गाडीतूनच पडला होता. मार बसला पाठीच्या वरच्या भागाला आणि बधिर झाली करंगळी, अनामिका आणि मधलं बोट अर्धं. वैद्य बोटांवरच लेप थापत बसले. गॅलेनने तेच औषध मानेच्या शेवटच्या मणक्यापाशी लावलं, कारण त्या बोटांचा तंतू तिथून निघतो, आणि बोटं सुधारली. ती बघा, आणखी एक गाडी वळतेय. टोगा उचला आणि बाजूला व्हा!