दोन थेंबांचा इतिहास
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पुढच्या एका फेरीत मी आमच्या गल्लीतल्या बूथवर बसलो होतो. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावायची, एवढेच माझे काम. रिक्षावर भोंगा बांधून एक रोटरी सदस्य सकाळपासून फिरत होते.

एक आई म्हणाली, "मागच्या महिन्यात पाजलं की! परत कशाला?" ती निघालीच होती. अंगणवाडीच्या ताईंनी तिला नावाने हाक मारली. "अगं, माझ्या नातवालाही आत्ताच पाजलं." ती परतली.

श्रोतेहो, या हाकेमागे मोठा इतिहास आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरी स्थापन केली, ती व्यावसायिकांच्या मैत्रीसाठी. सेवेचे व्रत मागाहून आले. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असताना अमेरिकेने ४२ संस्थांना सल्लागार म्हणून बोलावले. त्यांत रोटरी होती, लायन्सही होते. सनदेच्या ७१ व्या कलमाने अशासकीय संस्थांना सल्लामसलतीचे दार उघडले.

१९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समध्ये पोलिओ लसीकरण हाती घेतले आणि १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' जाहीर केले. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती.

आणि शांतता? १९८५ मध्ये एल साल्वादोरमध्ये यादवी पेटली होती. युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीने मुलांना लस देण्यासाठी तीन दिवस बंदुका थांबल्या. युद्ध संपले नाही. पण दोन्ही बाजूंना मुलांसाठी थांबता येते, हे सिद्ध झाले.

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मात्र विषाणू अजून टिकून आहे. पाकिस्तानात तर डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्राणही गमावले आहेत.

ठराव जिनिव्हात होतात, पैसा क्लब उभा करतात. पण दारातून परत निघालेल्या आईचे नाव ताईंनाच ठाऊक असते. ती साखळी कुठेही तुटली, तर एक मूल सुटते. म्हणून त्या दिवशी मी प्रत्येक करंगळी नीट पाहून शाई लावली.