‘लेडी बी गुड’चे नऊ जण

युद्धाच्या इतिहासात विमाने आकड्यांनी येतात. इतकी उडाली, इतकी परतली, इतकी बेपत्ता. बेपत्तांच्या रकान्यातल्या एका विमानाची हकीगत मात्र माझ्या मनातून जात नाही.

4 एप्रिल 1943. लिबियातील सोलुक या तळावरून अमेरिकन बी-24 लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने इटलीतल्या नेपल्सकडे निघाली. त्यांतल्या एकाचे नाव ‘लेडी बी गुड’, म्हणजे ‘बाईसाहेब, जरा नीट वागा’! एका लोकप्रिय गाण्यावरून हे नाव आले होते. विमानात नऊ जण होते. वैमानिक हॅटन, सहवैमानिक टोनर, नॅव्हिगेटर हेज आणि इतर सहा. या नऊ जणांची एकत्र अशी ही पहिलीच मोहीम. तळावर वाळूचे वादळ होते. नेपल्सला पोचेतो अंधार पडला, लक्ष्य दिसेना, म्हणून विमान मागे फिरले.

मध्यरात्रीनंतर हॅटनने बेंगाझीजवळच्या बेनिना तळाकडे बिनतारी यंत्रावरून दिशा विचारली. तळाने सांगितलेला कोन 330 अंश, म्हणजे वायव्येचा होता. समुद्रावरून येणारे विमान वायव्येलाच असणार, तेव्हा कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. पण त्या काळच्या साध्या दिशादर्शक यंत्राची एक खोड होती. विमान कोणत्या रेषेवर आहे ते यंत्र सांगे. रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, ते सांगत नसे. विमान तोवर किनारा आणि तळ ओलांडून आग्नेयेला गेले होते, अशी सर्वसाधारणपणे मान्य झालेली उपपत्ती आहे. हेजवर ठपका ठेवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. यंत्र खोटे बोलले नव्हते, त्याने अर्धेच सत्य सांगितले होते. खाली काळोख होता, आणि काळोखातली वाळू समुद्रासारखीच दिसते.

असे विमान आणखी सुमारे दोन तास दक्षिणेकडे गेले. पहाटे दोनच्या सुमारास पेट्रोल संपत आले तेव्हा नऊही जणांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या टाकल्या. अंगात समुद्रात तरंगण्याची जाकिटे होती! आठ जण एकमेकांना सापडले. नववा, बाँब टाकणारा वोराव्का, मिळाला नाही. त्याची छत्री नीट उघडलीच नव्हती.

आठांजवळ मिळून अर्धी बाटली पाणी होते. समुद्र जवळच असावा अशा समजुतीने ते वायव्येकडे चालू लागले. समुद्र प्रत्यक्षात चारशे मैलांवर होता. वाटेत खुणेसाठी त्यांनी छत्र्यांचे तुकडे, बूट आणि ती जाकिटे टाकली. टोनरच्या रोजनिशीत रोज बाटलीच्या बुचाइतक्या पाण्याचा हिशेब आहे, वाळूने सुजलेले डोळे आहेत, प्रार्थना आहेत. पाच दिवसांनी पाच जणांचे पाय थांबले. शेली, रिप्सलिंगर आणि मूर हे तिघे मदत आणण्यासाठी पुढे गेले. शेवटची नोंद 12 एप्रिलची : अजून मदत नाही, रात्र फार थंड.

इकडे सैन्याने त्यांना भूमध्य समुद्रात शोधले आणि तेथेच बुडाले असे मानले. 1958 मध्ये तेलाच्या शोधात हिंडणाऱ्यांना आकाशातून वाळवंटात एक विमान दिसले. 1959 मध्ये माणसे तेथे पोचली, तर आत कोणी नाही. माणसे उतरल्यावर विमान एकटेच सुमारे सोळा मैल पुढे जाऊन पोटावर उतरले होते. आत अन्न होते, पाणी होते, रेडिओ चालत होता. ते आठ जण त्याच्याकडे पाठ करून चालले होते! अर्थात हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. या विमानाचे सुटे भाग बसवले त्या विमानांवर संकटे आली, अशाही कथा पुढे पसरल्या. मला त्या चालण्यापुढे त्या फिक्या वाटतात.

तहानलेला माणूस तेथे फार दूर जाणार नाही, असा शोधकांचा होरा होता. फेब्रुवारी 1960 मध्ये ते पाच जण सापडले, उडी घेतल्या जागेपासून साठ-सत्तर मैलांहूनही पुढे. मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर सापडले. त्या पाचांच्याही पलीकडे, वीस मैलांच्या आसपास. ऑगस्टमध्ये वोराव्का, न उघडलेल्या छत्रीसह.

व्हर्नन मूर अजून सापडलेला नाही.