ताणलेली तार

वीज आणि उष्णता म्हटलं की आपल्याला इस्त्री नाहीतर गीझर आठवतो. वीज द्यायची, उष्णता घ्यायची. याचा उलटा रस्ताही आहे, हे १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेकला दिसलं. दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक सांधा तापवला की जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलायची. सीबेकला ते चुंबकत्वच वाटलं. ही वीज आहे, हे ओळखलं ओरस्टेडने.

मला मात्र या गोष्टीतला पुढचा माणूस जास्त आवडतो. ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन. त्याने विचारलं, दोन धातूच कशाला हवेत? एकाच तारेचा थोडा भाग ताणला तर? मग तारेला वजनं टांगली, ताणलेला आणि सैल भाग जिथे भेटतात ती जागा तापवली, आणि वीज आली! तांबं तेच, पण ताणलेलं आणि सैल तांबं विजेच्या लेखी दोन वेगळे धातू. १८५६ साली त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

असं का होतं, हे सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. इलेक्ट्रॉन सापडायलाच १८९७ साल उजाडावं लागलं.

नीट उत्तर मिळालं ते धातूंत नाही, सेमीकंडक्टरच्या स्फटिकांत. १९५४ साली बेल लॅबमध्ये चार्ल्स स्मिथने जर्मेनियम आणि सिलिकॉनचे स्फटिक ओढून पाहिले. साध्या धातूची तार एक टक्का लांबवली, तर तिचा रोध साधारण दोन टक्के वाढतो. स्मिथच्या काही स्फटिकांत हे प्रमाण दोनाचं नव्हे, शंभराहून जास्त निघालं.

कारण मोठं गमतीचं आहे. जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या चार सारख्या खोल दऱ्यांमध्ये वाटलेले असतात, प्रत्येक दरी वेगळ्या दिशेची. स्फटिक एका ठराविक दिशेने दाबला की एक दरी खाली जाते, तीन वर येतात. पाणी उताराकडे धावावं तसे इलेक्ट्रॉन घर बदलतात. कुठल्या दिशेने सहज पळायचं आणि बरोबर किती ऊर्जा न्यायची, दोन्ही बदलतं. सीबेकची वीज या दुसऱ्या गोष्टीवरच ठरते, म्हणून तीही बदलते.

मग ताण चांगला की वाईट? दोन्ही. उष्णतेपासून वीज करायला सारख्या खोलीच्या पुष्कळ दऱ्या असलेल्या बऱ्या. बिस्मथ टेल्युराइडमध्ये अशा सहा आहेत. त्यांच्यात फूट पाडणारा ताण नुकसान करतो, वरखाली असलेल्यांना एका पातळीवर आणणारा फायदा. कारखान्यात तो निव्वळ त्रासाचा. भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार वेडीवाकडी वाकवली, आणि वाकलेला भाग नेमका गरम-गारच्या मध्ये आला, तर आकडा चुकतो. तार तापवून सावकाश थंड केली की तिच्यातला ताण बराचसा निघून जातो.

थॉमसनच्या प्रयोगाचा त्या काळी व्यवहारात काही उपयोग नव्हता. तरी त्याने वजनं टांगली, जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं, आणि 'का'चं उत्तर पुढच्यांवर सोडलं. ते यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की मला हल्ली ती वजनं आठवतात.

असो.