बानूचा म्हातारा धनगर

कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट आमच्या हिंगोली जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. नर्सी नामदेव आमचंच. कोरडी नको खाऊस, थांब, तूप लावून देतो, असं विनवत धावणारा भक्त आणि पुढं पळणाऱ्या कुत्र्याच्या रूपातला विठ्ठल. ही भक्तीची कथा, प्रणयाची नव्हे. तरी रूप पालटणाऱ्यांच्या प्रेमकथांकडे नव्यानं वळणाऱ्या वाचकाला मी पहिल्यांदा हीच सांगते. रूप परकं झालं तरी आपलं माणूस ओळखू येतं का, हा या साऱ्या साहित्याचा जीव तिच्यात आहे.

माणसाचा लांडगा होणाऱ्या नायकाच्या कादंबऱ्या किंवा इच्छाधारी नागिणीचे सिनेमे आवडतात, हे सांगताना वाचक, विशेषतः मुली, आवाज खाली आणतात. तसं करू नका. या आवडीचं घराणं फार जुनं आहे आणि त्याचं एक मूळ आपल्याच गोदाकाठी आहे. पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचणाऱ्या गुणाढ्याला परंपरा पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी बसवते. मूळ ग्रंथ हरवला, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या परंपरेतून रचलेला ‘कथासरित्सागर’ आपल्या हाती आहे. विद्याधर, यक्ष, शापानं पशुपक्षी झालेले प्रेमिक त्यात जागोजागी भेटतात.

महाभारतातल्या दमयंतीसमोर स्वयंवरात एकासारखे एक पाच नल उभे राहतात. त्यांतले चार देव. देवांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याच्या अंगावर मात्र धूळ आहे, घाम आहे, त्याची सावली पडली आहे. ती त्याला माळ घालते. पुढं कर्कोटक नागाच्या दंशानं नलाचा कुरूप बाहुक होतो, तेव्हा त्यानं रांधलेल्या मांसाची चव घेऊन ती त्याला ओळखते. घामानं आणि चवीनं पटणारी ही ओळख मला कुठल्याही जादूपेक्षा मोठी वाटते. फ्रान्समध्ये १७४० साली छापून आलेल्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये प्रेम मिळालं की पशूचा राजपुत्र होतो. दमयंतीला असं बक्षीस नको असतं. तिला तिचा नल हवा असतो, धुळीसकट.

पण सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर मी खंडोबाच्या बानूकडे बोट दाखवीन. खंडोबाच्या जागरणात वाघ्या तिची कथा लावतो तेव्हा रात्र निम्मी सरलेली असते. उसाचा मांडव, तेवती दिवटी, दिमडीवर थाप, मुरळीच्या हातात घोळ. सारीपाटात बायको म्हाळसेकडून हरलेला खंडोबा बारा वर्षं घर सोडतो, म्हाताऱ्या धनगराचं रूप घेतो आणि चंदनपुरीला बानूच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो. तिला तो कोण हे माहीत नसतं. एक दिवस तो मेंढरं धुवायला नदीवर नेतो आणि धुणं आपटावं तसं एकेक मेंढरू धोंड्यावर आपटतो. सारा कळप मरून पडतो. बानूच्या आकांताला वाघ्याचा आवाज चिरतो आणि पेंगुळलेल्या बाया ताठ बसतात. मग लग्नाची अट येते, भंडारा उधळला जातो, मेंढरं उठून उभी राहतात. भंडारा म्हणजे हळद. वसमतच्या हळदीचा हा जिल्हा. ऐकणाऱ्या कितीजणींचे हात हळद काढून, शिजवून आधीच पिवळे झालेले असतात.

त्या अटीपाशी मात्र अडखळायला हवं. मेलेली मेंढरं उठवून घेतलेला होकार हा होकार म्हणायचा का? आजच्या कादंबऱ्यांत ‘नशिबानंच नेमलेला जोडीदार’ म्हणून नायिकेला विचारायचं राहून जातं, तिथंही हाच प्रश्न विचारा. गिरीश कर्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये नाग नवऱ्याचं रूप घेऊन राणी नावाच्या नायिकेकडे येतो, दोघांतला कोण आपला, हे तिला कुणी विचारत नाही. प्रश्न विचारल्यानं गोष्टीची गोडी कमी होत नाही, उलट वाढते, हा माझा अनुभव आहे.

खंडोबाच्या दैवताचा माग घेताना रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांची पुस्तकं जवळ ठेवा. म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची. वस्ती आणि रान एकाच देवाच्या संसारात कसे नांदतात, हे त्यांतून कळतं. आपल्या भाषेकडेही कान द्या. मराठीत देव रूप ‘घेतो’, बहुरूपी सोंग ‘आणतो’, नाग कात ‘टाकतो’, आणि वारं अंगात ‘येतं’. लांडगा झालेल्या परदेशी नायकाला स्वतःच्या आत दडलेल्या पशूची भीती असते. आपला खंडोबा म्हातारपण घोंगडीसारखं पांघरतो, आणि गोष्टीतली सगळी घालमेल समोर उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला येते. या प्रांतात मला सर्वांत जास्त रमवतं ते हेच.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, हिंगोलीहून फार लांब नाही. रात्री जागरण लागलेलं दिसलं तर बायांच्या बाजूला जागा धरून बसा. थंडी असते, घोंगडी न्या. आणि कधी जेजुरीला गेलात तर गडावर थेट चढून जाऊ नका. बानूचं देऊळ वर म्हाळसेजवळ नाही, अर्ध्या वाटेवर आहे.