सफरचंदामागचें घर

न्यूटनचें नांव निघालें कीं त्यापाठोपाठ सफरचंदाचें नांव निघावयाचेंच. त्या झाडाचीं कलमें देशोदेशीं गेलीं. पुण्यास आयुका या संस्थेच्या आवारांतहि तीं लावण्यांत आलीं होतीं. परंतु तें झाड ज्या घरासमोर उभें आहे, त्या घराची विचारपूस क्वचितच कोणी करतो. फळाची कथा एका क्षणाची आहे, घराची तीन पिढ्यांची आहे. आणि न्यूटन समजून घ्यावयाचा असेल तर ही दुसरी कथाच अधिक उपयोगी पडते, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

हें घर इंग्लंडच्या पूर्व भागांत, लिंकनशर परगण्यांतील कोल्स्टरवर्थ गांवानजीक, वूल्स्थॉर्प या वाडींत आहे. त्यास 'मॅनर' म्हणतात. पण या भारदस्त नांवानें वाचकांनीं फसूं नये. तो कांहीं सरदाराचा प्रासाद नव्हे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील एका सुखवस्तु शेतकऱ्याचें तें दुमजली घर आहे. बांधणी त्याच मुलखांत निघणाऱ्या चुनखडीच्या दगडाची, आराखडा इंग्रजी टी अक्षरासारखा, आणि खिडक्यांचे भाग पाडणारे उभे दांडेहि दगडाचेच. शोभेला येथें फारसा वाव दिलेला नाहीं. थंडीवारा अडावा, आगटीभोंवतीं माणसें बसावीं आणि धनी गुराढोरांपासून दूर नसावा, एवढाच या वास्तूचा हेतु दिसतो.

न्यूटनचे आजोबा रॉबर्ट यांनीं ही मिळकत १६२३ सालीं घेतली. तिच्याबरोबर त्या लहानशा मॅनरचे हक्कहि आले, आणि साध्या शेतकरी घराण्याची एक पायरी वर चढली. पण त्यांच्या मुलास, म्हणजे न्यूटनच्या वडिलांस, स्वतःची सही करतां येत नव्हती! ते १६४२ च्या आक्टोबरांत वारले. मागें दोनशेंहून अधिक मेंढ्या राहिल्या, आणि अडीच-तीन महिन्यांनीं, त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें २५ डिसेंबरास, मुलगा जन्मला. त्यास चौथें वर्ष लागलें तोंच आईनें दुसरें लग्न केलें व ती सासरीं गेली. मूल आजीपाशीं याच घरांत राहिलें. १६५३ सालीं ती पुन्हां विधवा होऊन परतली.

पुढें तिनें या मुलास ग्रँथमच्या शाळेंतून काढून शेतीवर आणलें. त्याचा परिणाम गांवच्या न्यायसभेच्या दप्तरांत नमूद आहे. १६५९ सालीं न्यूटनला दंड झाला. कारण त्याच्या मेंढ्या मोकाट सुटल्या, डुकरें दुसऱ्याच्या धान्यांत शिरलीं, आणि कुंपण मोडकें राहिलें. अखेर मामा व शाळेचे मुख्याध्यापक यांनीं आईचें मन वळविलें, आणि १६६१ सालीं तो केंब्रिजला गेला.

विद्यार्थिदशेंत हें चरित्र वाचतांना मला त्या आईचा राग येई. पंचवीस-तीस वर्षें अध्यापनांत घालविल्यावर तो राग ओसरला आहे. घरचें उत्पन्न सांभाळण्यासाठीं मुलाला परत बोलावणारे पालक मीं पाहिले आहेत. त्यांत कोणी दुष्ट नव्हते. वडिलार्जित जमीन, दोनशें मेंढ्या आणि एकच वारस! त्या माउलीनें दुसरें काय करावें?

शिवाय एक गोष्ट आपण विसरतों. १६६५ मध्यें प्लेगमुळें विद्यापीठ बंद पडलें आणि न्यूटन याच घरीं परतला. मधला थोडा काळ वगळतां १६६७ च्या वसंतऋतूपर्यंत तो येथें होता. गुरुत्वाकर्षण, प्रकाश व नवें गणित यांविषयींच्या त्याच्या चिंतनानें याच काळांत आकार घेतला. या तेविशीच्या तरुणास त्या दिवसांत पोटाची चिंता नव्हती. ती वहाणारी लोंकर, धान्य व जमिनीचें उत्पन्न हीं याच घराचीं होतीं. ज्या घरानें त्याला शेतकरी करूं पाहिलें, त्यानेंच त्याला निवांतपणें विचार करूं दिला.

न्यूटनच्या पश्चात् तें टर्नर घराण्याकडे १७३३ सालीं गेलें, आणि पुढें दोनशें वर्षें तेथें कुळें शेती करीत राहिलीं. १८२० सालीं वादळांत तें झाड कोसळलें. पण मूळ शाबूत राहून पुन्हां फुटलें. १९४३ पासून तें घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यांत आहे.

२०१७ सालीं प्रकाशाच्या एका नव्या तंत्रानें तेथील भिंती तपासतांना, दिवाणखान्याच्या आगटीजवळ दगडावर ओरखडून काढलेलें पवनचक्कीचें पुसट चित्र सांपडलें. तें बाल न्यूटनच्याच हातचें असावें, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. तर्क खरा असेल, तर मेंढ्या कुंपणाबाहेर जाण्याच्या कितीतरी आधीं त्या मुलाचें लक्ष कोठें होतें, हें त्या भिंतीला ठाऊक होतें. घरांतल्या माणसांना तें उमगावयास मात्र बराच काळ जावा लागला.